दोन कानांच्या दोन वाटा

“गुरुजी, कोणाची डबी आधी?” दादासाहेब हुपरीकरांनी विचारले.

“पुष्करची,” मी म्हणालो. “घरच्याने आधी ताटावर बसू नये, हे खरे, पण परीक्षेला आधी बसावे.”

सभागृहात हशा पिकला. सांगलीच्या श्रुतिसंरक्षण मंडळाची ती बैठक. माघातली दुपार, तीनचा सुमार. हिरवे कापड अंथरलेल्या टेबलावर दोन यंत्रे ठेवली होती. एक पत्त्यांच्या जोडाएवढे, काळे, अंगावर अक्षर नसलेले. ते पुष्कर घैसासने माधवनगरच्या आपल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात घडवलेले. दुसरे त्याच्या दीडपट जाड. त्याच्या काचेवर रंगीत पट्ट्या वरखाली नाचत होत्या. ते घेऊन मुंबईच्या एका कंपनीचे प्रतिनिधी श्री. सबनीस आले होते.

मंडळाकडे एकोणीसशे अडुसष्ट साली केलेली ध्वनिमुद्रणे होती. आमचे गुरू बाळदीक्षित ऋग्वेदाची संथा देत आहेत, आणि दोन विद्यार्थी ती घेत आहेत. गुरूंनी चरण एकदा म्हणायचा, शिष्यांनी दोनदा. विद्यापीठातून आलेल्या एका संशोधकाने गुरूंसमोर एक मायक्रोफोन ठेवला होता, शिष्यांसमोर दुसरा. त्यामुळे हेडफोन लावला की डावीकडून गुरू आणि उजवीकडून शिष्य, अशी ती योजना होती. त्या दोन शिष्यांतला एक मी. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आता त्या फितींचे संगणकात रूपांतर झाले होते आणि चाळीस विद्यार्थ्यांनी आपापल्या जागी, हवे तर बागेत बसूनसुद्धा, ती ऐकावीत म्हणून चाळीस यंत्रे घ्यायची होती. संगणकात साठवलेला नाद म्हणजे नुसती आकड्यांची रास. त्या राशीचा पुन्हा नाद करायचा, आणि तो हेडफोनला पेलेल इतका सबळ करून द्यायचा, एवढेच काम ती डबी करी.

पुष्कर आठ वर्षे माझ्या पाठशाळेत होता. पुढे तो इंजिनिअर झाला, बंगळुरात राहिला, आणि तिथली चांगली नोकरी सोडून गावी परतला. बैठकीच्या चार दिवस आधी तो माझ्याकडे आला होता. “गुरुजी, हे काम मिळालं तर कारखाना उभा राहतो,” तो म्हणाला होता. “नाही मिळालं तर शबाना आणि मंगलताईंना मला दुसरीकडे काम बघा म्हणून सांगावं लागेल. आणि मलाही.” त्या दोघी त्याच्याकडे सोल्डरिंग करीत. मी म्हणालो होतो, “माझा कान पक्षपात करणार नाही.” त्याने पायांवर डोके ठेवले. “तेच हवंय मला,” असे तो म्हणाला.

“घैसास, आधी दोन शब्दांत सांगा,” दादासाहेब म्हणाले. ते मंडळाचे कार्यवाह. जन्मभर साखर कारखान्यात हिशेबनीस होते. “हे बॅलन्स्ड बॅलन्स्ड म्हणजे काय प्रकार आहे? आणि आम्हाला कळेल असं सांगा हं, नाहीतर आमचीच परीक्षा व्हायची.”

पुष्कर उभा राहिला. “साध्या हेडफोनमध्ये दोन्ही कानांना जायची वाट वेगळी असते, पण परतीची वाट एकच. दोन घरांचं सांडपाणी एका गटारात सोडल्यासारखं. थोडं याचं त्यात मिसळतंच. बॅलन्स्ड रचनेत प्रत्येक कानाला जायची आणि यायची तारांची स्वतंत्र जोडी. डाव्याचं उजव्याला कळत नाही. माझ्या डबीत आकड्यांचा नाद करणारी चिपसुद्धा प्रत्येक कानाला वेगळी आहे.”

“आणि खरखर?”

“जोडीतल्या एका तारेतून नाद सुलटा जातो, दुसरीतून उलटा. बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते. शेवटी दोघींतला फरक तेवढा घ्यायचा. खरखर खरखरीला खाते, नाद उरतो.”

“म्हणजे सासू-सुनेचं भांडण, आणि लोणी पोराला!” दादासाहेब म्हणाले. सगळे हसले. सबनीसही हसले.

“एक विनंती होती,” पुष्करने पिशवीतून हाताएवढा एक मीटर काढला. “बॅलन्स्ड यंत्रात जोर जास्त असतो. सबनीससाहेबांचं यंत्र वरच्या जोरावर लावलेलं आहे, माझं खालच्या. दोन्हींचा आवाज आधी एका पातळीवर आणू आणि मग ऐकू. माणसाच्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. कोणाच्याही.”

ते ‘कोणाच्याही’ मला लागले.

“पुष्कर,” मी म्हणालो, “अठ्ठावीस वर्षे मी वेदपरीक्षेला परीक्षक म्हणून बसतो आहे. विद्यार्थ्याचा एक अनुदात्त स्वर ढळला तर पलीकडच्या खोलीतून सांगतो. आता तू माझ्या कानाला मीटर लावणार?”

“कानाला नाही, गुरुजी. यंत्राला.”

“ठेव तो पिशवीत.”

“ठेव बाबा ठेव,” दादासाहेब म्हणाले. “गुरुजींचा कान म्हणजे सोनाराचा काटा. काट्याला कोणी वजन घालून बघतं का?”

पुष्करने मीटर पिशवीत ठेवला.

हेडफोन मंडळाचाच होता, दोन्ही यंत्रांना एकच. त्याच्या प्रत्येक कानाच्या वाटीत स्वतंत्र वायर खोचलेली होती आणि त्या दोन्ही खाली एका जाड दांडीत एकत्र येत. पुष्करने ती दांडी आपल्या डबीत बसवली, हेडफोन माझ्या डोक्यावर अलगद ठेवला आणि बटण दाबले.

शिष्यांचा आवाज आला. माझाच आवाज, मिसरूड फुटत असतानाचा, थोडा चिरका. मी डोळे मिटले. गुरूंचा चरण अगदी पुसट येत होता, ओसरीच्या पलीकडच्या टोकाला कोणी म्हणत असावे तसा. फिती जुन्या झाल्या, असे मी मनाशी म्हणालो. पाच मिनिटांनी हात वर केला.

“छान आहे,” मी म्हणालो. “सात्त्विक आहे. पण जरा संकोची वाटते.”

 पुष्करने मान हलवली.

सबनीस पुढे आले. माणूस घाईचा. त्यांनी पुष्करच्या डबीतून दांडी उपसली, वायरला एक हिसका बसला. हेडफोन माझ्या डोक्यावरून सरकला तो मीच सावरला. मग त्यांनी दांडी आपल्या यंत्रात खुपसली. “बघा हं गुरुजी, आता दरबारात बसल्यासारखं वाटेल.”

आणि खरोखरच तसे वाटले. माझा सतरा वर्षांचा गळा भरदार झाला. आणि ज्यासाठी मी इतकी वर्षे झुरत होतो ते घडले. गुरूंचा चरण, जो पहिल्या यंत्रात ओसरीपलीकडून येत होता, तो आता माजघराच्या दाराशी आला. शब्द न् शब्द कळू लागला. माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, हे मी लपवणार नाही. ते सगळ्यांनी पाहिले.

“काय गुरुजी?” दादासाहेबांनी हलक्या आवाजात विचारले.

“हे,” मी म्हणालो. “दीक्षितगुरुजी समोर बसल्यासारखे वाटले. हे घ्या.”

सबनीसांनी कोटाचे बटण लावले. कोणीतरी चहा सांगितला. एक-दोघे खुर्च्या सरकवून उठले. तेवढ्यात पुष्कर म्हणाला, “मी एकदा ऐकू का?”

“ऐका की. प्रतिस्पर्ध्याचं यंत्र आहे, शिकायला मिळेल,” सबनीस म्हणाले.

त्याने माझ्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी उचलला, देवाचे टाक उचलतात तसा, आणि स्वतःला लावला. मी त्याच्याकडे पाहत होतो. प्रथम त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्याने डावी वाटी बोटाने चाचपली. हेडफोन काढून ती डोळ्यांजवळ धरली. वाटीत खोचलेली डावी वायर अर्धी बाहेर आली होती. तिची तांब्यासारखी चकाकणारी कडी टेबलापलीकडून मलाही दिसली. सबनीसांच्या हिसक्याने ती निखळली असणार. पुष्करने अंगठ्याने ती आत दाबली.

मग त्याने माझ्याकडे पाहिले.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी तोवर मी कोणालाही सांगितली नव्हती. त्याआधी आठ महिने, ज्येष्ठातल्या एका सकाळी, स्नान करून उठलो तो माझा डावा कान गेलेला होता. दुखले नाही, खुपले नाही. देवघरातली घंटा नुसती उजव्या बाजूने वाजली. मिरजेच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. ते म्हणाले, पहिल्या दोन दिवसांत आला असतात तर. घरी पत्नीला, उमाला, मी मळ साठला होता असे सांगितले. मंडळात, पाठशाळेत, परीक्षेच्या पीठावर मी नेहमी डाव्या टोकाची खुर्ची घेऊ लागलो, म्हणजे सगळी माणसे उजवीकडे येतील. ज्याचे सारे आयुष्य कानावर उभे आहे, त्याने कान गेला हे कसे सांगावे? वेद श्रुती आहे. परीक्षकाचे आसन म्हणजे माझे नाव, आणि नावावाचून माझ्यापाशी दुसरे होते काय?

म्हणजे, पहिल्या यंत्रातून डावीकडे गुरू स्पष्ट म्हणत होते, ते मला ऐकू येणे शक्यच नव्हते. आणि दुसऱ्या यंत्राच्या वेळी डावी बाजू साफ मुकी होती. दोन कानांच्या कोणालाही ते पहिल्या क्षणी कळले असते. लहान मुलानेही हेडफोन काढून विचारले असते की इकडे काहीच का येत नाही. मी मात्र उजव्या मायक्रोफोनमध्ये शिष्यांच्या आवाजामागून झिरपलेला गुरूंचा पडसाद ऐकला, तो मोठा झाल्यावर मला गहिवर आला, आणि दीक्षितगुरुजी समोर बसले आहेत असे मी मंडळापुढे सांगितले.

हे सारे पुष्करच्या त्या पाहण्यात होते. मला ते त्याच क्षणी कळले. आणि मला कळले आहे, हे त्यालाही कळले.

“गुरुजी,” तो म्हणाला.  “पुन्हा एकदा ऐकता का? आता?”

त्याने हेडफोन माझ्यापुढे धरला. किती क्षण गेले असतील, कोण जाणे. त्या एवढ्या अवधीत माझ्या हातून काय काय होऊ शकले असते, याचा विचार मी नंतर वर्षानुवर्षे केला आहे. ‘वायर सुटली होती, परीक्षा रद्द’ इतके म्हटले असते तरी पुरे होते. माझा कान गेला आहे, हे सांगण्याचीही गरज नव्हती. पण मग कोणीतरी विचारले असते, ‘गुरुजी, मग तुम्हाला कसं कळलं नाही?’

“एकदा ऐकलेले मी पुन्हा ऐकत नाही,” मी म्हणालो. “तुला माझी पद्धत ठाऊक आहे.”

“हो. आहे ठाऊक.”

“घैसास, तुमचं काय मत?” दादासाहेब म्हणाले. “मोकळेपणानं बोला. हरलात तरी आपलेच आहात.”

पुष्करने हेडफोन हिरव्या कापडावर ठेवला. वायरची गुंडाळी केली, अगदी व्यवस्थित, एकावर एक वेढे.

“गुरुजींनी ऐकलंय,” तो म्हणाला. “माझं वेगळं मत नाही.”

“याला म्हणतात शिष्य!” दादासाहेबांनी टेबलावर थाप मारली. मग त्यांनी स्वतः हेडफोन लावून पाहिला. आता दोन्ही बाजू चालू होत्या. “वा! वा! डावीकडे गुरू, उजवीकडे आमचे शास्त्रीबोवा! लहानपणी बरेच किनरे होतात हो तुम्ही!” पुन्हा हशा. मीही हसलो. ठरावाचा कागद पुढे आला. ‘तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार’ असे त्यावर लिहिले होते. मी खाली सही केली. 

पुष्करनेच मला स्कूटरवरून घरी सोडले.  दारात उतरताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “पुढच्या वेळी जरा जोरकस कर.”

 तो म्हणाला, “काकूंना सांगा, रस्त्यानं जाताना तुमच्या डाव्या हाताला चालत जा म्हणावं. त्या बाजूनं गाड्या येतात.”

एवढेच म्हणून त्याने स्कूटर वळवली.

पुढे तो दर गुरुवारी येऊ लागला. पूर्वीही यायचा, पण आता आल्यावर बैठकीला वळसा घालून माझ्या उजवीकडे बसे. बोलताना तोंड माझ्याकडे करी, शब्द सावकाश टाकी. बाहेरून कोणी आले तर संभाषणाची दोरी अशी धरी की मला काही निसटले तर ते आपणच पुन्हा उच्चारी. आणि ते इतक्या सहज की उमालाही कळू नये. त्याने कधी त्या दुपारचा विषय काढला नाही. कारखान्याविषयी मी विचारले तर म्हणे, “चाललंय.” शबानाला इचलकरंजीत काम मिळाले, हे मला उमाकडून कळले.

तो मला एकदा जरी अपशब्द बोलला असता तरी मी त्याच्यावर प्रेम करू शकलो असतो. पण तो माझ्या उजवीकडे बसे. ते बसणे मला दर गुरुवारी सांगे की मी कोण आहे. हळूहळू गुरुवार जवळ आला की मला अन्न गोड लागेनासे झाले. मी पाठशाळेच्या वेळा बदलल्या. “आज गुरुजींना बरं नाही,” असे उमाच्या तोंडून दोन-तीनदा वदवले. उमा म्हणाली, “त्याच्यावर का रागावलात? त्यानं काय केलंय तुमचं?”

“काही नाही,” मी म्हणालो. ते खरे होते.

पुढच्या वर्षी श्रवणकक्षाचे उद्घाटन झाले. पहिला मान माझा. सबनीसांची चाळीस यंत्रे ओळीने मांडली होती. हेडफोन लावल्यावर माझा चिरका गळा मला पुन्हा ऐकू आला. हेडफोन उलटा लावला असता तर माझे गुरू माझ्या चांगल्या कानात आले असते. तेवढे मला त्या क्षणी सुचले. पण समोर छायाचित्रकार उभा होता.

पुष्कर शेवटचा आला तो त्यानंतरच्या वैशाखात. कारखान्याला कुलूप लागले होते. होसूरच्या कुठल्याशा कंपनीत त्याने नोकरी धरली होती, आणि दुसऱ्या दिवशी तो कुटुंबासह निघणार होता. उमाने त्याच्यासाठी माझ्या डाव्या हाताला पाट मांडला होता. उजवीकडे खिडकी, खिडकीबाहेर बोळ, आणि बोळापलीकडे पिठाची गिरणी. ती नेमकी तेव्हा चालू झाली होती.

पुष्कर आत आला, नमस्कार केला, आणि पाटाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला येऊ लागला.

“अरे, इकडे मांडलाय ना पाट,” उमा म्हणाली. “तिकडे गिरणीचा केवढा गोंगाट आहे.”

“चालेल काकू. मी इथं बसतो.”

“मांडलेल्या जागी बस,” मी म्हणालो.

तो थांबला. “गुरुजी, इथूनच बरं पडेल. मला जरा बोलायचंय तुमच्याशी.”

“मग तिथून बोल. मला ऐकू येते.”

त्याने उमाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या पाहण्यात विनवणी होती; रागाची रेघ मी शोधली, ती नव्हती. मी नजर वळवली नाही. तो परत फिरला आणि पाटावर, माझ्या डावीकडे, मांडी घालून बसला. उमा पन्हे करायला आत गेली.

आणि पुष्कर बोलू लागला. मान खाली घालून, जमिनीकडे पाहत. बराच वेळ बोलला. गिरणीचा पट्टा उजव्या कानात घरघरत होता. डावीकडून मला त्याचे ओठ हलताना तेवढे दिसत होते. मधेच तो थांबला आणि त्याने उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. मी मान डोलावली. पुन्हा बोलला; मी पुन्हा डोलावली. एकदा त्याने काही विचारले असावे, कारण तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हणालो, “ईश्वरेच्छा.”

त्याने वाकून पायांवर डोके ठेवले, नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ, आणि पन्ह्यासाठी न थांबता निघून गेला.

त्या दिवशी त्याने मला काय सांगितले, आणि काय विचारले, हे मला माहीत नाही. त्याला सात वर्षे झाली.